बॉनेटखालची वाट

खोपोली समुद्रसपाटीपासून साठ-सत्तर मीटरवर आहे आणि लोणावळा सव्वासहाशेच्या घरात. मधल्या बोरघाटाच्या थोड्याशा अंतरात गाडीला साडेपाचशे मीटर चढावं लागतं. चार माणसं आणि सामान धरून जुन्या फियाटचं वजन बाराशे किलो मानलं, तर नुसती उंची गाठायला लागणारी ऊर्जा पाव लिटर पेट्रोलात मावते. पण जुनं इंजिन पेट्रोलातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचवतं. म्हणजे एकट्या चढापायी पाऊण-एक लिटर जळतं आणि त्यातली तीन हिस्से उष्णता रेडिएटर, सायलेन्सर आणि बॉनेटखालची हवा यांच्यात वाटली जाते. तीही दुसऱ्या गिअरमध्ये, समोरून वारा नसताना. बोरघाटात जुनी गाडी अडते ती अशा जागी, आणि अडण्याचं कारण बहुतेकदा इंजिनात नसतं. ते इंजिनाकडे पेट्रोल नेणाऱ्या, बोटाएवढ्या जाडीच्या नळीत असतं.

दादर-पुणे टॅक्सी जेव्हा जुन्या रस्त्याने धावत, तेव्हा चालकाजवळ पाण्याचा डबा आणि सुती फडकं असायचंच. गाडी आचके देऊ लागली की कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं, ओलं फडकं पेट्रोल पंपावर आणि पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीवर गुंडाळायचं आणि थांबायचं. तेवढ्या वेळात प्रवासी दरी बघून घेत. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर म्हणून ज्याची आठवण सांगतात, त्या शिंग्रोबाच्या देवळाशी नाणं टाकायची चालकांची रीत आजही आहे. जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८३० मध्ये, हा घाटरस्ता चाकांच्या वाहतुकीला खुला झाला. तो आखला गेला बैलगाड्यांसाठी आणि घोड्यांसाठी. त्यांना वाटेत दम खायला थांबावंच लागे. पेट्रोलच्या गाडीला तोच चढ एका दमात चढायचा असतो.

पेट्रोल हा एकच एक पदार्थ नव्हे, अनेक घटकांचं ते मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांना उकळू लागतात, जड घटक २०० अंशांच्या आसपास. टाकी मागे आणि पंप पुढे, इंजिनाच्या अंगावर. चढावर गाडीचं नाक वर झालं की टाकी आणखी खाली जाते आणि पंपाला पेट्रोल जास्त उंचीपर्यंत ओढावं लागतं. ओढणाऱ्या नळीत दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. त्यात लोणावळ्याच्या उंचीवर हवेचाच दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सात टक्क्यांनी कमी. मग नळीत वाफेचे बुडबुडे धरतात. कॅमशाफ्टच्या उंचवट्याने वरखाली होणारा पंपाचा पडदा, म्हणजे डायफ्राम, वाफ नुसती दाबत-सोडत राहतो, पेट्रोल पुढे ढकलत नाही. कार्ब्युरेटरची वाटी रिकामी होते आणि इंजिन बंद पडतं. गॅरेजात म्हणतात, गाडीने हवा धरली.

या घाटाशी आणि त्यात सर्वांत जास्त तापलेल्या गाडीशी एकाच माणसाचं नाव जोडलेलं आहे, हे फार कमी वेळा सांगितलं जातं. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद आधी रेल्वेचे ठेकेदार होते आणि मुंबई-पुणे लोहमार्गावरच्या बोरघाटातल्या बोगद्यांचं काम त्यांच्या कंपनीने केलं. त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आली, १९६४ पासून तिची डिलाइट ही आवृत्ती आली आणि १९७४ मध्ये तिलाच प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, सोलेक्सचा कार्ब्युरेटर आणि यांत्रिक पंप, ज्याला इकडची सगळी गॅरेजं एसी पंप म्हणतात.

या पंपाला घाटात शिव्या खाव्या लागल्या. त्याचा एक गुण मात्र कोणी बोलून दाखवला नाही. इंजिन फिरेल तेवढाच वेळ तो पेट्रोल देतो. गाडी धडकली, उलटली, कशानेही इंजिन थांबलं की पेट्रोलही त्याच क्षणी थांबतं. त्यासाठी तार लागत नाही, स्विच लागत नाही, चालकाचं भान शाबूत असावं लागत नाही. शिवाय त्याचा दाब पाव बारच्या आसपास असतो. म्हणून नळी कुठे भेगाळली तर पेट्रोल पाझरतं, त्याची पिचकारी उडत नाही. मूळ गाडीत पेट्रोलची वाटही अशाच विचाराने आखलेली असते: टाकीपासून पुढपर्यंत गाडीच्या तळाला धरून धातूची नळी, अंग आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचा आखूड तुकडा, मग पंप, मग कार्ब्युरेटर. पंप आणि इंजिन यांच्यात बेकेलाइटची जाड पट्टी असते. ती इंजिनाची उष्णता अडवते आणि पंपाच्या दांड्याची ढकलही नेमकी ठेवते. कार्ब्युरेटरखालीही तशीच पट्टी असते.

घाटात अडलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. त्याला पुण्याला वेळेत पोचायचं असतं. मग गाडी मिस्त्रीकडे जाते आणि बॉनेटखाली एकावर एक उपाय जमा होत जातात. धातूची नळी तापते म्हणून ती कापून लांबलचक रबरी नळी टाकली जाते. ती सोयीच्या वाटेने, बॅटरीवरून किंवा कॉइलला चिकटून, पलीकडे जाते. यांत्रिक पंप काढून त्या जागी पत्रा ठोकला जातो आणि विजेवर चालणारा पंप बसतो, तोही इंजिनाशेजारी, कारण तिथे तार जवळ पडते. कचरा येतो म्हणून पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये प्लास्टिकचा फिल्टर लोंबकळतो. प्रत्येक उपायाने गाडी घाट चढते, मालक समाधानाने पैसे देतो, आणि त्याच उपायाने गाडी आगीच्या एकेक पाऊल जवळ सरकते. माझ्या मते जुन्या गाड्यांच्या बाबतीत खरा धोका हा आहे. जुनेपणामुळे जेवढं बिघडतं, त्याहून अधिक या दुरुस्त्यांनी बिघडतं.

विजेच्या पंपाचंच बघा. तो चावी चालू असेपर्यंत पेट्रोल देत राहतो, मग इंजिन फिरत असो वा नसो. नळी निसटली आणि गाडी बंद पडली तर चालक काय करतो? चावी पुन्हा फिरवून बघतो. तेवढ्या वेळात पंप तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतत असतो. असा पंप बसवायचाच असेल तर तो मागे, टाकीजवळ, खाली बसवावा, कारण ढकलण्याचं काम त्याला चांगलं जमतं, ओढण्याचं नाही. मागून ढकललेल्या नळीत दाब राहतो, म्हणून वाफही कमी धरते. आणि त्याच्या तारेत ऑइलच्या दाबावर किंवा इंजिनाच्या फेऱ्यांवर चालणारा रिले हवाच, म्हणजे इंजिन थांबलं की पंप आपोआप थांबेल. हा रिले बसवलेली जुनी गाडी फार क्वचित दिसते. मिस्त्रीला कोणी तो बसवायला सांगत नाही.

लोंबकळणाऱ्या फिल्टरचा धडा जगाने फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलवरून घेतला आहे. तिचं इंजिन मागे आहे, ते हवेने थंड होतं आणि पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरच्या, जवळून जाते. हौशी मालक त्या नळीत फिल्टर घालतात. पेट्रोलने भरलेल्या फिल्टरचं वजन थरथरत राहतं, कार्ब्युरेटरमध्ये दाबून बसवलेली पितळेची छोटी तोटी हळूहळू सैल होते, एक दिवस निसटते आणि पेट्रोल थेट ठिणग्यांच्या डब्यावर सांडतं. जाणकार म्हणूनच सांगतात की फिल्टर टाकीखाली लावा, इंजिनाजवळ नको. हाच नियम पद्मिनीला, अॅम्बेसेडरला आणि जुन्या मारुतीला लागू पडतो. फिल्टर पंपाच्या आधी आणि उष्णतेपासून दूर असावा, आणि त्याचं वजन नळीने नव्हे, पट्टीने धरलेलं असावं.

ठिणगीचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे. अनेकांना वाटतं, पेट्रोल इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या मॅनिफोल्डवर पडलं की पेटलंच. घाटात चढताना मॅनिफोल्ड चारशे-पाचशे अंशांच्या पुढे जाऊ शकतो आणि पेट्रोल अडीचशे अंशांच्या वरच्या तापमानाला आपोआप पेटू शकतं, हे खरं. तरी उघड्या तापल्या पत्र्यावर पडलेला थेंब कित्येकदा पेटण्याआधी उडून जातो. पण त्याची वाफ तिथेच राहते. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, खाली उतरते, बॉनेटखालच्या खोबणींत साचते. हवेत तिचं प्रमाण दीड ते साडेसात टक्के झालं की तिला ठिणगी पुरे, आणि ठिणगी तर डेल्कोत, प्लगच्या तडकलेल्या तारेवर, स्टार्टरच्या संपर्कात, डायनॅमोच्या कार्बनवर क्षणोक्षणी उडत असते. म्हणून पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून जितकी दूर हवी, तितकीच विजेपासूनही. आणि दोन्ही एकमेकांना छेदणारच असतील तर नळी खालून आणि तार वरून. पाझरलेला थेंब तारेवर पडता कामा नये.

लोणावळ्यातच एक संस्था अशी आहे जिथे इंजिनांची कामं शिस्तीने शिकवली जातात. आयएनएस शिवाजी, १९४५ पासून. नौदलाचे इंजिनीअर आणि खलाशी तिथे जहाजाची यंत्रं शिकतात, आणि जहाजावरच्या आगीला तोंड द्यायलाही. समुद्रावर इंजिनरूमला आग लागली तर पळायला रस्ता नसतो, म्हणून व्यापारी जहाजांसाठी १९७४ च्या आंतरराष्ट्रीय सोलास करारात या गोष्टी लेखी नियम म्हणून आल्या आहेत. २२० अंशांच्या वर तापू शकणारा आणि बिघाड झाल्यास ज्याच्यावर इंधन पडू शकेल असा प्रत्येक पृष्ठभाग झाकलेला हवा. जास्त दाबाच्या इंधननळीवर दुसरी नळी हवी, म्हणजे आतली फुटली तरी इंधन बाहेर उडणार नाही. मोटारीला दुहेरी नळी कोणी लावत नाही आणि लावायचं कारणही नाही. पण विचार तोच आहे. नळी कधीतरी फुटणार हे गृहीत धरायचं आणि फुटल्यावर पेट्रोल कुठे पडेल ते आधी बघायचं. जुन्या गाडीच्या मालकाने बॉनेट उघडून हा एकच प्रश्न नळीच्या प्रत्येक इंचाला विचारावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मावळात आणखी दोन गोष्टी या नळीच्या मुळावर येतात. एक पाऊस. लोणावळ्याचा पाऊस अनेक वर्षी चार हजार मिलिमीटर ओलांडतो. गाडीच्या तळाची लोखंडी नळी जिथे पट्टीने धरलेली असते, तिथे पट्टी आणि नळी यांच्यामध्ये चिखल अडकतो, महिनोन्महिने ओला राहतो आणि नळीला बाहेरून कळणार नाही असा गंज चढतो. बाहेरून नळी ठणठणीत दिसते, पट्टी सोडवली की तिथेच सुई जाईल एवढं भोक सापडतं. म्हणून तपासताना पट्ट्या सोडवूनच बघायच्या. दुसरी गोष्ट म्हणजे उभी गाडी. तुंगार्ली, खंडाळा, कामशेत, पवना धरणाच्या काठी बंगल्यांच्या शेडमध्ये मुंबई-पुण्याच्या लोकांच्या कितीतरी जुन्या गाड्या उभ्या असतात. मालक दिवाळीत येतो, बॅटरी जोडतो आणि घाटाकडे निघतो. मधल्या काळात रबर कडक झालेलं असतं आणि उंदरांनी ते कुरतडलेलंही असतं. उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ऊब आणि आडोसा दोन्ही मिळतात, घरटं करायला त्यांना आणखी काय हवं? घरट्याचा वाळका पालापाचोळा मॅनिफोल्डवर पडलेला असतो तो वेगळाच.

आणि आता पेट्रोलच बदललं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात ई-२० पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये वीस टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट गाठलं गेलं. आपल्या पुणे, सोलापूर, अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या उसाचा त्यात मोठा वाटा आहे, शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, आणि मला त्याविरुद्ध काही म्हणायचं नाही. पण १९७५ च्या नळीला इथेनॉल ठाऊक नव्हतं. जुनं साधं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, मग वाळताना भेगाळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे पावसाळाभर उभ्या राहिलेल्या टाकीत गंज वाढतो. वर्षानुवर्षं टाकीच्या तळाला धरलेली खरड ते सोडवतं आणि ती फिल्टरमध्ये येऊन बसते. कार्ब्युरेटरच्या पॅकिंगलाही ते पोचतं, पंपाच्या पडद्यालाही. १९९५ मध्ये बदललेली नळी अजून बरी दिसते म्हणून ठेवायची, हा विचार आता सोडला पाहिजे. पंपाचा पडदाही इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घ्यावा.

नळी विकत घेताना तिच्या अंगावर काय छापलं आहे ते वाचावं. एसएई जे३० आर७ लिहिलेली नळी कार्ब्युरेटरच्या कमी दाबाला चालते आणि १२५ अंश सोसते. आर९ ही इंजेक्शनच्या दाबाची, १५० अंशांची, आणि इथेनॉललाही अधिक टिकाऊ. दोन्हींच्या किमतीतला फरक एका वेळच्या पेट्रोलहून कमी असतो, तेव्हा जुन्या गाडीलाही आर९च घालावी, असं मी म्हणेन. काहीच छापलेलं नसेल तर ती नळी पाण्याची समजावी. दुचाकीची पारदर्शक प्लास्टिकची नळी तर बॉनेटखाली येताच कामा नये. उष्णतेने ती काचेसारखी होते आणि हात लागताच तुटते.

मग वाट. जिथे गाडीचं अंग आहे तिथे धातूची नळी, आणि जिथे अंगाकडून इंजिनाकडे उडी मारायची आहे तिथेच रबर. इंजिन रबरी पायांवर बसलेलं असतं आणि गिअर बदलताना, ब्रेक मारताना ते डोलतं, म्हणून या तुकड्याला थोडी ढील हवी. ताणलेली नळी तोटीवरून निघते आणि फार लांब ठेवलेली कुठेतरी जाऊन टेकते. धातूच्या नळीला तांबं टाळावं. वळवायला सोपं म्हणून मिस्त्रींना ते आवडतं, पण थरथरीने तांबं कडक होत जातं आणि टोकाशी, जोडासाठी पसरवलेल्या फ्लेअरच्या मुळाशी, तडकतं. दुहेरी भिंतीची पोलादी नळी किंवा तांबे-निकेलची मिश्र नळी घ्यावी. दर फूट-दीड फुटाला ती पट्टीने धरलेली असावी आणि पट्टीच्या आत रबराचं अस्तर असावं. पत्र्यातल्या भोकातून जाताना ग्रोमेट, म्हणजे रबराचं कडं, हवंच, नाहीतर पत्र्याची कड वर्षभर थोडी थोडी नळी कापत राहते. मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरपासून वीतभर अंतर मिळालं तर उत्तम. न मिळाल्यास मधे पत्र्याची ढाल लावावी, ती नळीला न टेकता, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल अशी. पंख्याचा पट्टा, अॅक्सिलरेटरची तार, क्लचचा दांडा यांच्या वाटेत नळी येत नाही ना, हे कोणाला तरी आत बसवून, पायडल दाबायला लावून बघावं.

जोडाकडे बहुतेक जण सर्वांत शेवटी बघतात, आणि गळती तिथेच सुरू होते. ज्या तोटीवर रबर चढवायचं तिच्या टोकाला उंचवटा हवा. गुळगुळीत कापलेल्या नळीवर क्लिप कितीही आवळली तरी रबर सरकतंच. रबर इंचभर आत जाऊ द्यावं आणि क्लिप उंचवट्याच्या मागे बसवावी, उंचवट्यावर नव्हे. खाचांची क्लिप रबराला कापते, म्हणून सलग पट्टीची, कडा दुमडलेली क्लिप मागावी. आवळताना रबर क्लिपच्या बाहेर फुगलं तर ते जास्त आवळलं गेलं आहे. आणि तारेने पीळ देऊन बांधलेली नळी दिसली, तर त्या गाडीत बसू नये.

वाफेच्या त्रासावर मूळ उपाय अजूनही चांगले आहेत. बेकेलाइटच्या दोन्ही पट्ट्या जागेवर असणं, नळी रेडिएटरच्या गरम वाऱ्याच्या वाटेत नसणं, पंख्याची सगळी पाती आणि रेडिएटरभोवतीचा पत्रा शाबूत असणं. नंतरच्या काही कार्ब्युरेटरच्या गाड्यांत जादा पेट्रोल टाकीकडे परत नेणारी दुसरी नळी आली. पेट्रोल फिरतं राहिलं की ते तापायला वेळच मिळत नाही. जुन्या गाडीलाही अशी परतीची नळी घालता येते, पण तिला पहिल्या नळीइतकाच मान द्यायला हवा.

मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, ती रस्त्यावरून गेली. आता उरलेल्या पद्मिनी, अॅम्बेसेडर आणि स्टँडर्ड हौशी माणसांच्या घरी आहेत. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि पाटीवर व्हीए ही अक्षरं दिली. या गाड्या पुढेही राहणार, याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांच्या रंगावर, क्रोमवर, गादीच्या कापडावर मालक प्रेमाने खर्च करतात. तळाच्या नळीला हात लावायला सांगितलं की मात्र ते काम पुढच्या वर्षावर जातं. नळी प्रदर्शनात दिसत नाही.

नवं काम झाल्यावर पहिली परीक्षा सपाटीवर, घरच्या आवारात घ्यावी. इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालवून बंद करावं आणि बॉनेट मिटलेलंच ठेवावं. पंखा थांबल्यावर इंजिनातली उष्णता वर येते आणि बॉनेटखालचं तापमान आणखी चढतं. जोड याच वेळी सैल पडतात आणि वाटीतलं पेट्रोल उकळून सांडतं तेही याच वेळी. दहा मिनिटांनी बॉनेट उघडून प्रत्येक जोडाखाली कोरडा पांढरा कागद फिरवावा आणि नाकाने तपासावं. घाटात हीच अवस्था शनिवार-रविवारच्या कोंडीत आपोआप येते. चालण्याच्या वेगाने सरकणाऱ्या रांगेत इंजिन गरम, वारा शून्य. तेव्हा पेट्रोलचा वास आला तर पुढच्या वळणाची वाट बघू नये. गाडी कडेला घेऊन चावी बंद करावी, सगळ्यांना उतरवून कठड्याच्या आत, रहदारीपासून आणि गाडीपासून दूर उभं करावं. धूर किंवा ज्वाळा दिसत असेल तर बॉनेट पूर्ण उघडू नये, आत हवा गेली की आग उसळते. खटका सोडून फटीतून आग विझवणाऱ्या पावडरचा फवारा मारावा, आवाक्याबाहेर वाटलं तर तोही नाद सोडून ११२ ला फोन करावा. नुसताच वास असेल तर इंजिन थंड होऊ द्यावं, गळती सापडेपर्यंत पुन्हा स्टार्टर मारू नये, आणि न सापडल्यास गाडी ओढून न्यावी.